आई म्हणाली, लव बघ

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. जेवायला दोनदा हाक आलीय, पण आधी हे. अंगठ्यावर गोंद वाळलाय, त्यामुळे मोबाईल अर्ध्या अक्षरांना ओळखच देत नाहीये. चुका झाल्या तर समजून घ्या.

तर, आमच्या घरामागे टर्फ झालंय. खोट्या गवताचं खरं टर्फ. सोळा फूट बाय अठ्ठावीस. म्हणजे सोळा होतं, आता पंधरा आहे, का ते पुढे येईलच. कुठल्या कंपनीची माणसं येऊन घालून गेली नाहीत. मी, माझी आई आणि आमची स्ट्रायकर, आम्ही तिघींनी घातलं. आणि एकदा नाही, दोनदा घातलं.

स्ट्रायकर म्हणजे शेजारच्या घरातली मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी गोलकीपर. त्यामुळे लहानपणापासून तिने मारायचं आणि मी अडवायचं, एवढंच आमचं काम. आमच्या टीममध्ये तिच्यासारखं डाव्या पायाने मारणारं कुणी नाही, हे मी मैत्रीण म्हणून सांगत नाहीये, माझ्या बोटांना विचारा. नाताळाच्या आधी जिल्ह्याच्या मुलींच्या टीमची निवड आहे आणि वयाच्या अटीत ती या वर्षी शेवटची बसते. पुढच्या वर्षी संपलं. आणि निवड टर्फवर आहे. आम्ही आयुष्यभर खेळलोय मातीवर. मातीवर बॉल तुमच्याकडे विचार करत करत येतो, टर्फवर तो आधीच येऊन पुढे गेलेला असतो.

म्हणून आम्ही विरारला, पूर्वेला, भाड्याच्या टर्फवर जायला लागलो. तिथे संध्याकाळचे सगळे तास मुलांनी आधीच धरून ठेवलेले असतात. आम्हाला मिळायचा तो सातनंतरचा. एके दिवशी परत येताना आगाशीची बस चुकली, पुढची आली ती खच्चून भरलेली, आणि आम्ही घरी पोचलो तेव्हा तिचे बाबा नाक्यावर उभे होते. ते शाळेत गणित शिकवतात. ओरडणं हा त्यांचा प्रकारच नाही. ते फक्त चालायला लागले आणि आम्ही मागून गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं की विरारला जायचं नाही. ती रडली, मग मी बोलायला गेले, तर मला म्हणाले, "खेळ बंद कर असं मी म्हणत नाहीये. माझ्या डोळ्यांसमोर खेळू दे. आहे का तशी जागा?"

त्यांना वाटलं असणार की विषय संपला. आणि मी उत्तर शोधत इकडेतिकडे बघितलं, तर त्यांच्या मागच्या खिडकीतून सरळ आमचं परस दिसत होतं.

परस म्हणजे काय, धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी, एक जास्वंद, आणि कुंपणापलीकडे बावखल, म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं. जागा आईची. बाबा सकाळी सहाला ऑफिससाठी घर सोडतात, मागे काय चाललंय ते त्यांना रविवारीच कळतं. आई शिवणकाम करते. तिचं मशीन मागच्या पडवीत असतं आणि ती दिवसभर त्या परसाकडे तोंड करून बसते, त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय तिथे मांजरसुद्धा बसत नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि विचारलं, निवड कधी आहे. मी म्हटलं, महिना पण नाही राहिला. ती म्हणाली की दगड हलणार नाही आणि दोरी जाणार नाही, बाकीचं बघ काय करायचं ते.

दोरी आम्ही वर सरकवली. आता टॉवेल वाळत घालायला स्टूल लागतं.

टर्फ आचोळ्याहून आलं. तिथल्या एका टर्फवाल्याने नवीन गवत बसवलं होतं आणि जुन्याच्या गुंडाळ्या गेटजवळ पडून होत्या, लोक त्यावर गाड्या लावत होते. मी विचारलं तर तो म्हणाला, न्या हो ताई, माझी जागा मोकळी होईल, वर उरलेला गोंदाचा डबा आणि जोडाच्या पट्टीचं रीळ पण देतो. मामाचा टेम्पो आहे, तो केळी आणि भाजी वाहतो. त्याने गुंडाळ्या उचलून बघितल्या, पाठ धरली आणि विचारलं, "हे गवत कुठल्या म्हशीला घालणारेस?" अख्ख्या रस्त्यात तो तेच विचारत होता, सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही त्याने तेच सांगितलं. पण आणलं त्याने सगळं. पाच मोठे पट्टे आणि काही तुकडे. जुन्या मैदानाच्या पांढऱ्या रेषा त्यांच्यावर तशाच होत्या, कुठे सरळ, कुठे वळणाच्या. आणि गवताच्या आत ते काळे रबराचे दाणे. ते दाणे म्हणजे काय वैताग आहे, विचारू नका. पहिल्या दिवसापासून घरभर. आईने एकदा ओट्यावरचे चिमटीत धरून मोहरी म्हणून फोडणीत टाकायला घेतले होते, टाकले असते तर तडतडले नाहीत म्हणूनच कळलं असतं.

मग खणकाम. हा भाग मी पटापट सांगते, कारण यात मजा कमी आणि हाताला फोड जास्त. वरची माती अर्धा फूट काढली, खडी टाकली, वर दगडाची बारीक कच, आणि मग धुमसाने ठोकायचं. धुमस म्हणजे दांड्याला लावलेला जड लोखंडी ठोकळा, उचलायचा आणि आपटायचा, दिवसभर. पाणी साचू नये म्हणून बावखलाच्या बाजूला थोडा उतार ठेवायचा होता, तो आम्ही पारदर्शक पाइपात पाणी भरून मापला. स्ट्रायकरने हे सगळं माझ्याहून जास्त केलं. ती सकाळी क्लासला जायच्या आधी यायची, आल्यावर यायची, रविवारी तर दात घासत आली होती. तिचे बाबा खिडकीत दिसायचे.  बॉल बावखलात जाऊ नये म्हणून अर्नाळ्याच्या एका मावशीकडून जुनं मासेमारीचं जाळं आणलं, तिने देताना बजावलं की गोड्या पान्यात दोन दिवस भिजव, नाहीतर मांजरं जमतील. दोन दिवस भिजवलं. मांजरं तरी जमली.

आता मुख्य गोष्ट.

पट्टे पसरायचा दिवस. पाच पट्टे शेजारी शेजारी लावायचे, खाली पट्टी, पट्टीवर गोंद, वर दाबायचं. मी आदल्या दिवशी कागदावर चित्र काढलं होतं. पांढऱ्या रेषा अशा जुळवायच्या की मधोमध एक सरळ रेष येईल आणि एका टोकाला गोलसमोरचा छोटा डी, म्हणजे अर्धगोल. टर्फवर डी नसेल तर काय अर्थ आहे. त्यासाठी दुसरा आणि चौथा पट्टा उलटा फिरवावा लागत होता. म्हणजे डोक्याचं टोक पायाकडे. फिरवला. काय सुंदर जुळल्या रेषा, मी फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला, बदाम यायला लागले.

आई पडवीत मखमल कापत होती. शाळांच्या गॅदरिंगचा सीझन, राजे आणि सरदार यांचे अंगरखे. तिने कात्री खाली ठेवली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गोंद लावायच्या आधी लव बघितलीस का?"

मी आणि स्ट्रायकरने एकमेकींकडे बघितलं. आणि आम्ही ज्या हसत सुटलो, मला पोटात दुखायला लागलं. स्ट्रायकर म्हणाली, काकू, लव्ह नाही हो, आधी निवड. मी म्हटलं, आई, लव्ह बघायला वेळ कुठाय. खरं सांगते, मला तो शब्द माहीतच नव्हता. लव म्हणजे हातावर असते ती बारीक केसांची, एवढं फार तर ऐकलं असेल. आई म्हणाली की अगं, मखमलीला असते तशी, हात फिरवून बघ, एका बाजूला गुळगुळीत लागेल. मी म्हटलं, आई, हे ब्लाऊजपीस नाहीये, फुटबॉलचं टर्फ आहे, तुला त्यातलं काय कळतंय. असंच म्हटलं. अगदी हेच शब्द. ते टाइप करताना आत्ता कसंतरी होतंय, पण म्हटलं.

तिने कापलेली मखमल उचलली. मशीन सुरू झालं.

आम्ही गोंद लावला. दाबायला वर मामाच्या टेम्पोतले भाजीचे क्रेट विटा भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी उचलले, पाणी मारलं, खराट्याने गवत उभं केलं. आणि पडवीतून बघते तर काय, एक पट्टा गडद हिरवा, एक फिका, एक गडद, एक फिका. मी मनाला म्हटलं, डिझाईन आहे. मोठ्या स्टेडियममध्ये असतात ना असे पट्टे. मग बॉल टाकला. पहिल्या पट्ट्यावर सुसाट गेला, दुसऱ्यावर दम लागल्यासारखा झाला आणि जोडावर येऊन हळूच डावीकडे वळला. परत टाकला, परत वळला. मी म्हटलं, उताराचं असेल. एकदा आपण ठरवलं ना की चूक नाहीये, मग आपल्याला काय काय कारणं सुचतात.

त्या संध्याकाळी तिचे बाबा पहिल्यांदा आमच्या परसात आले. शाळेतून आलेले तसेच, हातात पिशवी. ती बूट घालून तयार. मी गोलमध्ये, म्हणजे जास्वंद आणि आम्ही रोवलेला बांबू यांच्यामध्ये. तिने बॉल घेतला, वळली, धावली, आणि तिसऱ्या जोडावर तिचा बूट अडकला. तिथे गवत दोन्ही बाजूंना पडलं होतं, एक लव इकडे, एक तिकडे, मधोमध भांग पाडल्यासारखा, आणि त्या भांगात कड थोडी वर आली होती. ती सरळ तोंडावर पडली. कोपर सोललं, हनुवटीला लागलं. हाडबिड काही नाही, पण घोटा धरून ती बसली होती आणि उठत नव्हती, आणि ती दोन मिनिटं मला अजून आठवतात.

तिच्या बाबांनी तिला उठवलं. घोट्यावर भार देऊन बघायला लावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पाय गेला तर निवड कुठली आणि काय कुठलं. झालं एवढं पुरे."

आणि तिला घेऊन गेले. त्यांच्या मागच्या खिडकीचा पडदा ओढलेला, मी तो पडदा इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला.

मी धुण्याच्या दगडावर बसले. आई आली, चपला काढल्या, टर्फवर उकिडवी बसली आणि पहिल्या पट्ट्यावर तळहात फिरवला. मग माझा हात धरून फिरवला. आपल्याकडून पलीकडे, मऊ. पलीकडून आपल्याकडे, टोचतं. दुसऱ्या पट्ट्यावर बरोबर उलटं. तिने मला सांगितलं की ती शिकाऊ असताना एका मुलीचा मखमलीचा ब्लाऊज शिवला होता, घाईत एक बाही उलट्या लवेची कापली गेली, हातात घेऊन कळलं नाही, आणि लग्नाच्या फोटोत एक बाही काळी आणि एक बाही जांभळी आली. तेव्हापासून ती कापायच्या आधी मागच्या बाजूला खडूने बाण काढते.

मी विचारलं, आता काय. ती म्हणाली, काय म्हणजे, उसवायचं.

ब्लाऊज उसवणं आणि टर्फ उसवणं यात फरक आहे, गोंद वाळलेला आहे, हे मी तिला सांगायला गेले नाही. एकदा सांगून झालं होतं ना. आम्ही उसवलं. कटरने जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं रुंदीचं गवत कापून, ओढून, पाय रोवून. प्रत्येक जोडाला थोडं थोडं गेलं आणि सगळं मिळून टर्फ एक फूट अरुंद झालं. कडेला आता खडी उघडी आहे. दुसऱ्या दिवशी स्ट्रायकर आली, लंगडत नव्हती. मी तिला म्हटलं, तू जा, काका रागावतील. ती म्हणाली की बाबांनी खेळायला नको सांगितलंय, गोंद लावायला नको असं कुठे सांगितलंय. आणि बसली माझ्यासमोर कटर घेऊन.

आता मास्तरीण आई. तिने प्रत्येक पट्टा उलटा पसरायला लावला, मागच्या काळ्या बाजूवर शिवणकामाच्या खडूने हा एवढा मोठा बाण काढला आणि सगळे बाण बावखलाकडे. एकही इंच पट्टी डोळ्यांनी लावू दिली नाही, हात फिरवायचा, मग लावायचं. जोडाच्या दोन कडा चिकटवताना मधे अडकलेली पाती ती सुईच्या मागच्या टोकाने एकेक बाहेर काढत होती. आमची पाठ मोडली तशी स्ट्रायकर म्हणाली, काकू, पुरे ना. आई म्हणाली, "का गं, लव्ह बघायला वेळ नाही?" त्यानंतर तीन दिवस आम्हाला हेच. चहा मागितला, लव्ह बघितलीस का. आंघोळीला उशीर झाला, लव्ह बघत होतीस का.

रेषांचं म्हणाल तर सत्यानाश. मधली सरळ रेष आता तीन तुकड्यांत, तिन्ही वेगळ्या ठिकाणी. डीचा अर्धा भाग धुण्याच्या दगडाशेजारी. कॉर्नरचं वळण बरोबर मधोमध. मी कागदावरचं चित्र बघितलं आणि त्याने हात पुसले. दोन दिवस वर क्रेट ठेवले, उचलले तर गडद-फिकं काही दिसलं नाही, सगळं एकसारखं. बॉल टाकला, चारही जोड ओलांडून सरळ जाळ्यात. मी तो वीस वेळा टाकला. तिरका पण टाकला.

पण आमच्या पुरतं सरळ होऊन काय उपयोग. पडदा तसाच होता.

मग काल मी त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आधी उताराचं, मग खडीचं, मग हळूच जोडाचं. दारात ते पेपर तपासत बसले होते आणि मी सगळं विसरले. फक्त म्हटलं, काका, एकदा येऊन बघा. ते उठले. का उठले माहीत नाही, मला वाटलं होतं नाही म्हणतील.

परसाच्या कडेला त्यांनी चपला काढल्या. आई पडवीत मशीनवर, मशीन बंद. मी जोड दाखवायला पुढे झाले तर म्हणाले, "दाखवू नकोस. मला सापडतात का बघतो."

आणि ते अनवाणी चालायला लागले. पाय उचलून नाही, घासत. पाऊल टाकायचं, अंगठा रोवायचा, ओढायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवे, मग परत. स्ट्रायकर तिच्या खिडकीत उभी, पडदा बाजूला धरून. मी मोजत होते, ते चारही जोडांवरून किती वेळा गेले. दोनदा थांबले, खाली बसले, बोट फिरवलं, उठले. दोन्ही वेळा चुकीच्या जागी. जोड तिथून हातभर लांब होता.

मग त्यांनी मला विचारलं, की मागच्या वेळी ती का पडली.

उताराचं सांगता आलं असतं. गवत जुनं आहे हे तर खरंच होतं. पण मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे. रेषा छान दिसाव्यात म्हणून मी पट्टे उलटे लावले. आईने आधीच सांगितलं होतं. मी हसले."

त्यांनी आईकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "पण फुटबॉलमध्ये शिंपिणीचं कोण ऐकतं."

काका खाली बघत उभे राहिले, पायाखाली ते कॉर्नरचं वळण, भलत्याच जागी. मग म्हणाले, "खिडकीतून हा दगडाकडचा कोपरा दिसत नाही. मी इथे खुर्ची टाकून बसेन. साडेपाच ते साडेसहा. चालेल?"

मी आईकडे बघितलं, कारण परस तिचं. आई म्हणाली, चालेल की, फक्त दोरीवरच्या कपड्यांना बॉल लागला तर धुणं तुमच्याकडे.

आज साडेपाचला ती आली. बाबा खुर्चीवर, मांडीवर उत्तरपत्रिका. पहिली दहा मिनिटं ती घाबरत खेळत होती, जोडाजवळ आली की पाऊल अर्धं टाकायची, मला गोलमधून दिसत होतं.   मग एकदा बॉल तिच्या डाव्या पायावर नीट आला, ती वळली, बरोबर त्याच तिसऱ्या जोडावर, आणि मारलं. मला दिसला तेव्हा तो जाळ्यात होता. आणि खुर्चीतून तिचे बाबा, पेन्सिल हातात, मान वर न करता म्हणाले, "कीपर एक पाऊल उशिरा निघाली."

निवडीला अकरा दिवस आहेत. होईल की नाही मला माहीत नाही, उद्या साडेपाचला ती येणार आहे हे माहीत आहे. आणि मी एक पाऊल आधी निघणार आहे.

पण तुम्ही मला एक सांगा, खरं खरं सांगा. घरातल्या माणसाने अगदी बरोबर तीच गोष्ट आधी सांगितलेली, तुम्ही "तुला काय कळतंय" म्हणून हसलेला, आणि मग सगळं उचकटून तिच्याच हाताखाली परत बसवावं लागलं, असं तुमच्याकडे कधी झालंय का?